आठवा पट्टा

हिरेमल्लापूरच्या दवाखान्यात दानम्मा सिस्टरइतकं भित्रं माणूस दुसरं नव्हतं. बावीस वर्षं नोकरी झाली, तरी रोज सकाळी बाळांच्या खोलीचं दार ढकलताना ती देवाचं नाव घ्यायची ती घ्यायचीच. बस तुंगभद्रेच्या पुलावर आली की ती डोळे मिटून घ्यायची. पाल दिसली की खुर्चीवर चढायची. तिचा नवरा शिवप्पा बाजारात शिलाईचं दुकान चालवतो. तो म्हणायचा, लग्नात अक्षता पडल्या तेव्हासुद्धा ही दचकली होती. लोक हसायचे आणि दानम्माही हसायची. भित्र्या माणसाला स्वतःवर हसण्याची सवय करून घ्यावी लागते.

पण बाळांच्या बाबतीतली तिची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, पौष महिन्यातल्या थंडीत, एक बाळ झोपलंय असं समजून तिने त्याच्यावरचं पांघरूण नीट केलं आणि ती चहा प्यायला गेली. परत आली तेव्हा ते गेलं होतं. कमी वजनाचं बाळ गार पडलं की रडत नाही, हीच त्यातली मेख. ते हळूहळू शांत होत जातं, आणि बघणाऱ्याला वाटतं, किती गुणी बाळ आहे. कोणीही दानम्माला दोष दिला नाही. तिने मात्र स्वतःला जन्माची सजा लावून घेतली. दर पाव तासाने उठायचं आणि एकेका बाळाच्या तळव्याला हाताची मागची बाजू लावून बघायची. आया मल्लव्वा तिची चेष्टा करायची, दानक्का, पोरांचे तळवे झिजवशील तू, मोठी झाल्यावर चालायचं कशावर त्यांनी?

श्रावणात बेंगळूरूहून एक खोकं आलं. कोणत्याशा कंपनीने दवाखान्याच्या ट्रस्टला दान दिलं होतं. त्यात मऊ रबराचे दहा पट्टे होते, प्रत्येकावर रुपयाएवढी एक चकती, आणि सोबत एक टॅब. पट्टा बाळाच्या पायात बांधायचा, चकती अंगाची ऊब मोजणार आणि ब्लूटूथने टॅबला कळवणार. टॅबवर आईचं नाव आणि शेजारी आकडा. बाळ उबदार असलं तर आकडा हिरवा, गार पडायला लागलं की पिवळा, मग लाल, आणि लाल झाला की टॅब कोकलणार. जोडून द्यायला आलेला प्रमोद हेब्बार नावाचा इंजिनियर मोठा गोड बोलणारा होता. त्याने सगळं दाखवलं, बायकांकडून दोनदा करून घेतलं आणि निघता निघता विचारलं, तुमच्या खोलीत जास्तीत जास्त किती बाळं असतात?

आता हा काय विचारायचा प्रश्न झाला? निदान आमच्याकडे तरी हा प्रश्न कोणी विचारत नाही. मेंढरं मोजावीत, भाकऱ्या मोजाव्यात, जिवंत लेकरं मोजू नयेत, नजर लागते. कामाची पाळी बदलतानासुद्धा आमच्या सिस्टर्स एकेका आईचं नाव घेऊन बाळ ताब्यात देतात, तोंडातून आकडा काढत नाहीत. साहेबी कागदावर आकडा लिहावा लागतो तो लिहितात, पण मोठ्याने म्हणत नाहीत. हेब्बारने विचारल्यावर दानम्मा जमिनीकडे बघू लागली. शेवटी मल्लव्वाने उत्तर दिलं, की देवाने दिलीत तेवढी असतात, साहेब. हेब्बार हसला. त्या दिवशी खोलीत पाच पाळणे भरलेले होते, ते त्याने पाहिले. खोक्यात दहा पट्टे आहेत, तुम्हाला कमी पडायचे नाहीत, असं म्हणून तो गाडीत बसला.

एक अडचण मात्र त्याच आठवड्यात निघाली. टॅबच्या वरच्या कोपऱ्यात, किती पट्टे जोडलेले आहेत, तो आकडा ठळक दिसायचा. दाराशी बसणाऱ्या आज्यांना तो खुपायला लागला. येणारा-जाणारा बघतो, आमच्या लेकरांची मोजदाद अशी चव्हाट्यावर कशाला मांडलीय, अशी कुरबुर सुरू झाली. एका आजीने तर नातवाच्या पायातला पट्टाच सोडून टाकला. तेव्हा दानम्माने ड्रेसिंगच्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा कापला आणि त्या कोपऱ्यावर चिकटवला. आज्या शांत झाल्या. डॉक्टर कट्टीमनींनी तो तुकडा बघून कपाळाला हात लावला, पण काढायला काही सांगितलं नाही.

पुढचे पाच महिने दानम्माच्या आयुष्यातले सगळ्यात निवांत गेले, असं म्हटलं तरी चालेल. विनाकारण बाळांना हात लावू नका, हाताने जंतू जातात, असा डॉक्टरांनी हुकूमच काढला होता. ती टेबलाशी बसायची आणि हिरव्या आकड्यांकडे बघायची. कधी नव्हे ती शेंगाचटणी आणि भाकरी शेवटच्या घासापर्यंत बसून खायला लागली. रात्री झोप लागायला लागली. शिवप्पाला म्हणाली, माझ्या डोक्यावरचा धोंडा कोणीतरी उचलून नेलाय.

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सण असल्यामुळे निम्मा स्टाफ रजेवर होता. तारेच्या कामासाठी सकाळी आठ वाजताच वीज गेली. जनरेटर होता, पण त्याच्यावर फक्त ऑपरेशनची खोली आणि बाळांच्या खोलीतला एक तापवणारा पाळणा चालायचा. भिंतीवरचा हीटर बंद पडला. बाहेर बोचरा वारा सुटला होता आणि खिडकीची एक फळी नीट बसत नव्हती. किती बाळं होती ते सांगताना माझीही जीभ अडखळते, पण सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे जायची नाही. सकाळी सात होती. सातांच्या पायात सात पट्टे होते.

पावणेअकराला लमाणी तांड्यावरून सोमलीबाईला जीपमधून आणलं. वाटेतच मोकळी झाली होती. बाळ जेमतेम चौदाशे ग्रॅमचं. डॉक्टरांनी ते तापवणाऱ्या पाळण्यात ठेवलं. दानम्माने खोक्यातून आठवा पट्टा काढला, पुसला, बांधला आणि टॅबवर सोमलीबाईचं नाव घातलं. क्षणभराने नाव हिरवं झालं. यादीतली सगळी नावं हिरवी होती. तिने देवाला हात जोडले आणि दूध काढून आणायला बायकांना हाका मारायला गेली.

खिडकीजवळच्या पाळण्यात हुलिगेव्वाची मुलगी होती. वय तीन दिवस, वजन सोळाशे. हुलिगेव्वाला आदल्या दिवसापासून सणसणून ताप भरला होता, तिला अंगणापलीकडच्या वॉर्डात सलाईन लावलेलं, म्हणून बाळ आईच्या छातीशी नव्हतं. त्याच्यापाशी आजी बसली होती, यंकव्वा, हुलिगेव्वाची आई. पहिलटकरीण लेक माहेरी बाळंतपणाला आलेली, तेव्हा काही वाकडं झालं तर सासरच्यांना तोंड हिनेच दाखवायचं होतं. बारा वाजता ती टेबलापाशी आली आणि दबकत म्हणाली, की बाळ पळीतलं दूध ओढत नाही, ओठावरून सांडतंय. दानम्मा तेव्हा सोमलीबाईच्या बाळापाशी होती. तिने टॅबकडे बोट दाखवलं. हुलिगेव्वा, ३६.८, हिरवं. झोपेत असेल, थोड्या वेळाने पाजू, असं सांगून तिने म्हातारीला परत पाठवलं.

एक वाजता यंकव्वा पुन्हा आली. या खेपेला तिने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"सिस्टरम्मा, एकदा हात लावून बघ गं तिला. मला ती बरी वाटत नाही. मी सहा बाळंतपणं केलीत."

"अव्वा, हे बघ, मशीन दर मिनिटाला मोजतंय. तुझ्या-माझ्या हातापेक्षा त्याला जास्त कळतं. तू जा, उगाच पांघरूण उघडत बसू नकोस, वारं लागेल."

यंकव्वा गेली. मुकाट्याने गेली, कारण टेबलामागे बसलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो, हे तिला आयुष्याने शिकवलं होतं.

पाऊण तासाने दानम्माने डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडला आणि टॅबकडे बघत चावू लागली. शेवंतेव्वा ३६.५, मग ३६.६. सोमलीबाई ३६.९, मग ३६.७, पुन्हा ३६.८. वीज नव्हती, खोली थंड होत चालली होती, आकडे थोडे थोडे खाली सरकत होते, वर येत होते. जिवंत अंगाचं असंच असतं. हुलिगेव्वा ३६.८. तिने दुसरा घास घेतला. हुलिगेव्वा ३६.८. बारा वाजता यंकव्वाला दाखवलं तेव्हा किती होतं? ३६.८. एक वाजता?

घास तोंडातच राहिला. खिडकीशेजारचा पाळणा, वीज गेलेली, आणि सगळ्यांची ऊब हलतेय, तिचीच तेवढी दोन तास जागची हलत नाही. मग दानम्माने एक गोष्ट केली, जी तिने पुढे कोणापासून लपवली नाही. ती उठली नाही. बसूनच राहिली. पाळणा दहा पावलांवर होता आणि तिला तिथे जायची भीती वाटत होती. जाऊन हात लावला आणि ते पहिल्या वर्षीच्या बाळासारखं निघालं तर? न जाता बसलं तोपर्यंत आकडा हिरवा होता, तोपर्यंत काही झालेलं नव्हतं. किती वेळ बसली देव जाणे. मल्लव्वा म्हणते, अर्धा मिनिट. दानम्मा म्हणते, खूप वेळ. मग ती उठली.

पांघरुणात हात घातला. तळवा गार होता. पोटरी गार. तिने हात छातीवर नेला, तर छातीही गार. बाळाचे ओठ किंचित हलत होते, श्वास चालू होता, पण इतका बारीक की कान लावावा लागला. काखेत थर्मामीटर लावलं. ३३.९.

त्यानंतर तिचे हात तिला न विचारता चालायला लागले. मल्लव्वाला डॉक्टरांकडे पिटाळलं. बाळाचा ओला लंगोट काढला, टोपी चढवली. तापवणाऱ्या पाळण्यात चौदाशेचं बाळ होतं, त्याला हलवता येत नव्हतं. ती यंकव्वाकडे वळली आणि म्हणाली, पोलका सोड. म्हातारीने काहीही विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून तिने पोलका सोडला, दानम्माने उघडं बाळ तिच्या छातीवर दोन्ही बाजूंना पाय सोडून उभं ठेवलं, वरून म्हातारीचंच लुगडं गुंडाळलं, मग दोन घोंगड्या. यंकव्वा बाळाच्या टाळूवर हनुवटी टेकवून बसली. थोड्या वेळाने तिने मान न वळवता विचारलं,

"मघाशी तर हिरवं होतं ना?"

दानम्माने घोंगडीची कड तिच्या खांद्यावर ओढून घेतली.

डॉक्टर धावत आले. टाचेला सुई टोचून साखर बघितली, ती पार खाली गेली होती. त्या काडीएवढ्या हातात शीर सापडेना. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली. तिसऱ्यांदा लागली आणि ग्लुकोज सुरू झालं. मल्लव्वा बाकीच्या सगळ्या पाळण्यांवरून तळवे चाचपत फिरत होती आणि प्रत्येक आईचं नाव घेऊन "ऊन आहे" असं सांगत होती. डॉक्टरांनी टॅब उचलला. यादीत आठ नावं होती, आठही हिरवी. त्यांनी कोपऱ्यावरच्या चिकटपट्टीत नख घातलं आणि ती ओढून काढली. खाली सात लिहिलेलं होतं.

दानम्मा भिंतीला टेकून खाली बसली. ती चिकटपट्टी तिनेच कापून लावली होती.

दोन वाजून गेले, ३४.४ झालं. अडीचला ३५. यंकव्वा जागची हलली नव्हती, तिच्या मांड्या थरथरत होत्या. दानम्मा दर दहा मिनिटांनी घोंगडीत हात घालून बघत होती. साडेतीनच्या सुमाराला ३६.१ आलं आणि बाळ रडलं. मोठं नाही, मांजराच्या पिल्लाने करावं तेवढंच. यंकव्वाचे डोळे घळाघळा वाहायला लागले. ती बाळालाच रागावत होती, की आता रडतेस होय गं, मघाशी काय झालं होतं रडायला.

दानम्मा बाहेर व्हरांड्यात गेली आणि हेब्बारला फोन लावला. तो सणासाठी गावी, उडुपीकडे होता. तिने झालेलं सांगितलं तसा त्याचा गोड आवाज बारीक झाला. तो म्हणाला, की एका टॅबचा ब्लूटूथ एका वेळी सातच पट्ट्यांना धरून ठेवू शकतो. आठवा जोडला की आधीच्यातला एक सुटतो, कुठला सुटेल ते सांगता येत नाही. दहा पट्टे दिले ते आळीपाळीने चार्ज करायला म्हणून. आणि सुटलेल्याचं नाव हिरवं कसं राहतं, असं तिने विचारलं. तो म्हणाला, शेवटचा आलेला आकडा तसाच दिसत राहतो, ती चूक आम्ही पुढच्या वेळी काढणार होतो.

"पण मॅडम, किती जोडलेत ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं. तुम्ही बघितलं नाही का?"

तिने चिकटपट्टीचं सांगितलं. लपवलं असतं तर त्याला कळलंही नसतं, पण तिने सांगितलं. आणि बोलता बोलताच तिच्या डोक्यात एक विचार आला. तिने विचारलं, अशी खोकी आणखी किती दवाखान्यांना दिलीत?

"एकेचाळीस."

आपल्या जिल्ह्यात, रायचूरकडे, बळ्ळारीकडे, कलबुर्गीपर्यंत. हेब्बार म्हणाला, ऑफिस सोमवारी उघडलं की सगळ्यांना पत्र पाठवतो. साहेबांना विचारल्याशिवाय त्याला काही करता येणार नव्हतं.

"हेब्बार, मी भित्री बाई आहे. मला सोमवारपर्यंत धीर धरवणार नाही. तुम्ही मला आत्ता सगळ्यांचे नंबर पाठवा, नाही तर मी तुमच्या घरी येऊन बसते."

बावीस वर्षांत ती कोणाशी असं बोलली नव्हती. नंबर दहा मिनिटांत आले. डॉक्टरांनी दारातून विचारलं, की तू कशाला, ट्रस्टला सांगू, ते रीतसर कळवतील. तिने नकारार्थी मान हलवली आणि पहिला नंबर लावला. तिथे चारच बाळं होती, सिस्टर वैतागली, तरी तिने सगळं ऐकून घेतलं. दुसरीकडे कोणी फोन उचलला नाही. दानम्माने त्या नावापुढे खूण केली, परत लावायचा म्हणून, आणि तिसरा लावला.

तिसरा रायचूरच्या पलीकडचा होता. आवाज कोवळा होता, नोकरीला वर्ष झालं असेल नसेल. दानम्माने नाव-गाव सांगून विचारलं, तुझ्या खोलीत पट्टे बांधलेली बाळं सातापेक्षा जास्त आहेत का? पलीकडची आकडा म्हणायला कचरली. मग उत्तर आलं, नऊ आहेत, अक्का, पण सगळी छान आहेत, सगळी हिरवी आहेत.

"त्या टॅबकडे बघू नकोस. फोन टेबलावर ठेव, बंद करू नकोस, आणि जाऊन एकेका बाळाच्या तळव्याला हात लाव. जा आधी."

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. चपलांचा आवाज लांब गेला. दानम्मा फोन कानाला दाबून उभी होती. आत कुठे तरी भांडं वाजलं, कोणी तरी खोकलं, एक बाई काही तरी बोलली ते कळलं नाही. वाट बघणं जड असतं हे तिला माहीत होतं, पण दुसऱ्याच्या खोलीतलं वाट बघणं त्याहून जड निघालं. तिला तिथे हात घालता येत नव्हता. मग चपला धावत परत आल्या.

"अक्का, दोन गार आहेत. एक तर फारच गार आहे." ती पोरगी हुंदके देत होती. "त्याची आई सकाळपासून मला सांगत होती, अक्का. मी तिला टॅब दाखवत होते."

दानम्माने व्हरांड्याचा खांब धरला.

"त्याच आईच्या उघड्या छातीवर घाल त्याला," ती म्हणाली. "आत्ता घाल. डॉक्टरला बोलव. रडायचं मागाहून, मीही मागाहूनच रडणार आहे."

पलीकडून फोन तसाच टाकून ती मुलगी पळाली. दानम्माने थोडा वेळ ऐकलं, पण तिथे थांबून चालण्यासारखं नव्हतं. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं, आणि मग तिने चौथा नंबर लावला.